गाडीचं चाक बाहेर काढणारी ‘व्हील स्पेसर’ची चकती: दिसते साधी, पण बसवताना चुकलं तर काय होतं?

नागपूरच्या धंतोलीत संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीबच. दवाखान्यांमुळे गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग असते. त्या रांगेत एखादी बसकी, रुंद स्पोर्ट्स कार उभी असली की येणारा-जाणारा वळून बघतोच. पण गाडीच्या मालकाची नजर मात्र भलतीकडेच असते. मागून बघताना त्याला दिसतं की मडगार्ड बाहेर फुगलेलं आहे आणि चाक आत दडलेलं आहे. “चाक थोडं बाहेर असतं तर काय दिसली असती!” असं एकदा मनात आलं की ते जात नाही.

मग शोध सुरू होतो आणि उत्तर मिळतं, व्हील स्पेसर. अॅल्युमिनियमची एक गोल चकती. चाक काढायचं, चकती ठेवायची, चाक परत लावायचं. ओळखीचा टायरवाला म्हणतो, “भाऊ, अर्ध्या तासाचं काम आहे, काही होत नाही.”

अर्ध्या तासाचं काम आहे हे खरंच. पण “काही होत नाही” हे खरं ठरणार की नाही, ते त्या अर्ध्या तासात काय-काय तपासलं यावर अवलंबून असतं. म्हणून ही चकती नेमकं काय करते, ती कशी बसवतात, कुठे चूक होते आणि आपल्याकडचा कायदा काय म्हणतो, हे सगळं आज समजून घेऊ.

स्पेसर म्हणजे नेमकं काय?

गाडीचं चाक ज्या फिरत्या भागावर बसतं त्याला हब म्हणतात. हब आणि चाक यांच्या मध्ये बसणारी धातूची चकती म्हणजे स्पेसर. चकती १५ मिलिमीटर जाड असेल तर चाक १५ मिलिमीटर बाहेर येतं. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लावली तर दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, ३० मिलिमीटरने वाढतो.

चाकावर ‘ईटी’ असं लिहून पुढे एक आकडा कोरलेला असतो. चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. ईटी ५० च्या चाकामागे १५ मिलिमीटरची चकती लावली की त्याचा परिणाम ईटी ३५ च्या चाकासारखा होतो. हा हिशोब लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

स्पेसर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार म्हणजे नुसती भोकं पाडलेली चकती. चाकाचे बोल्ट तिच्यातून आरपार जाऊन हबमध्ये बसतात, म्हणून बोल्ट लांब घ्यावे लागतात. दुसरा प्रकार जाड, साधारण २० मिलिमीटरच्या पुढचा. तो आधी स्वतःच्या बोल्टने हबवर घट्ट बसतो आणि चाक मग त्या चकतीवर बसतं.

लोक लावतात कशासाठी?

पहिलं कारण दिसण्याचं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक कंपनीने १९५९ च्या मॉडेलला ‘वाइड-ट्रॅक’ नावाने बाजारात आणलं, त्यामागेही हेच होतं. रुंद बॉडीखाली आत दडलेली चाकं विचित्र दिसत होती. कंपनीने ट्रॅक सुमारे पाच इंचांनी वाढवला आणि पुढे तीच गाडीची ओळख झाली. फरक एवढाच की त्यांनी चकती लावली नव्हती, कारखान्यातच खालची रचना बदलली होती.

दुसरं कारण तांत्रिक आहे. मोठे ब्रेक बसवले की त्यांचे कॅलिपर चाकाच्या आतल्या बाजूला घासू शकतात, तिथे चकतीमुळे जागा मिळते.

तिसरं कारण सांगितलं जातं ते वळणावरच्या पकडीचं. यात तथ्य आहे, पण किती ते बघा. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. ट्रॅक जितका रुंद, तितका हा भार कमी सरकतो. समजा गाडीचा ट्रॅक १५५० मिलिमीटर आहे आणि तो ३० मिलिमीटरने वाढला. म्हणजे वाढ झाली जेमतेम दोन टक्के. सर्किटवर सेकंदाचा दहावा भाग मोजणाऱ्याला ती जाणवेल. लोकमत चौकातून वर्धा रोडला वळताना तुम्हाला जाणवेल का? बहुधा नाही.

चाक बोल्टवर ‘टांगलेलं’ नसतं

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बहुतेकांना वाटतं की गाडीचं वजन ते पाच बोल्ट पेलतात. प्रत्यक्षात तसं नसतं.

बोल्ट आवळला की तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. सध्याच्या पोर्श ९११ चं उदाहरण घ्या. पाच बोल्टच्या चाकाला कंपनीने १६० न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला आहे. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १६ किलोचं वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढा. एवढ्या पिळाने एकेक बोल्ट सुमारे पाच टनांच्या ताकदीने चाक दाबून धरतो. पाच बोल्टचे मिळून झाले पंचवीस टन. या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होतं, त्यावर गाडी चालते, वळते आणि थांबते. बोल्टचं काम फक्त दाब टिकवण्याचं.

हा दाब कमी झाला तर? चाक हबवर अगदी केसभर सरकायला लागतं. मग जो भार घर्षणाने घ्यायचा, तो बोल्टवर येतो. प्रत्येक फेऱ्याला बोल्ट थोडा वाकतो आणि सरळ होतो. तार दोन्ही बाजूंना वाकवत राहिलं की तुटते, तसंच.

असे फेरे किती होतात? स्पोर्ट्स कारच्या टायरचा परीघ साधारण २.१ मीटर धरू. धंतोलीतून निघून शिवमडक्याला समृद्धी महामार्गाला लागलात आणि ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत चालवलीत, तर चाक सेकंदाला सुमारे १६ वेळा फिरतं. एका तासात ५७ हजार फेरे. ७०१ किलोमीटरचा पूर्ण महामार्ग संपेपर्यंत तीन लाखांच्या वर. ढिला बोल्ट गल्लीत टिकेलही. समृद्धीवर त्याची परीक्षा होते.

स्पेसर लावल्यावर यात काय बदलतं? आधी चाक आणि हब असा एकच जोड होता. आता हब ते चकती आणि चकती ते चाक असे दोन जोड झाले. धूळ, गंज, रंगाचा थर, यातलं काहीही मध्ये राहिलं की ते चालता-चालता दबतं, तेवढा बोल्टचा ताण सैल होतो आणि दाब उतरतो.

चकती निवडताना हे चार आकडे बघा

१. भोकांचं वर्तुळ (पीसीडी). ९११ चं असतं ५ × १३०, म्हणजे १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट. फोर्ड मस्टँगचं ५ × ११४.३. “जवळपास बसतंय” असं इथे चालत नाही.

२. मधलं भोक. हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो. चाक त्यावर नेमकं बसतं आणि मध्यावर राहतं. ९११ ला हा व्यास ७१.६ मिलिमीटर आहे. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच जुन्या मॉडेलना तो ७२.६ असतो. एक मिलिमीटर मोठ्या भोकाची चकती बसेलही, पण चाक मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत सरकू शकतं. मग वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसतो. चकतीला चाकाकडच्या बाजूनेही तसाच उंचवटा हवा. अगदी पातळ चकतीतून हबचा मूळ उंचवटा पुरेसा बाहेर येतो. जाड चकतीला स्वतःचा उंचवटा असतो. मधल्या जाडीच्या काही चकत्यांमध्ये मात्र दोन्ही नसतं. त्या टाळाव्यात.

३. बोल्टची लांबी. चकती जितकी जाड, बोल्ट तितकाच लांब. १५ मिलिमीटरच्या चकतीला मूळ बोल्टपेक्षा १५ मिलिमीटर लांब बोल्ट. आखूड राहिला तर हबमध्ये पुरेसे आटे धरत नाहीत. जास्त लांब झाला तर तो पलीकडे निघून आतल्या हँडब्रेकच्या भागांना किंवा सेन्सरला घासू शकतो. मस्टँगसारख्या गाड्यांत बोल्टऐवजी हबमधून बाहेर आलेले स्टड आणि त्यावर नट असतात. तिथे पातळ चकतीसुद्धा नटचे आटे खाते. म्हणून लांब स्टड बसवावे लागतात.

४. बोल्टच्या बैठकीचा आकार. पोर्श, आउडी, मर्सिडीजच्या मूळ चाकांना बोल्टची बैठक गोल, वाटीसारखी असते. बीएमडब्ल्यूची आणि बाहेरून घेतलेल्या बऱ्याच अलॉय चाकांची बैठक निमुळती असते. गोल बैठकीत निमुळता बोल्ट घातला तर तो बारीक रेघेवरच टेकतो. टॉर्क पूर्ण दाखवतो, पण धरत नाही. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती जास्त धोकादायक.

बसवण्याची पद्धत

काम तुम्ही स्वतः करा किंवा गॅरेजमध्ये करून घ्या, क्रम माहीत असला पाहिजे. शेजारी उभं राहून बघण्यात कमीपणा नाही.

आधी मोजमाप. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरपर्यंतचं अंतर घ्या. मागचं-पुढचं वेगळं घ्या, डावं-उजवंही वेगळं. गाडी रिकामी उभी असताना जागा दिसते, पण दोन माणसं बसून स्पीडब्रेकरवरून गेली की सस्पेन्शन दबतं आणि चाक वर येतं. पुढचं चाक तर वळतंसुद्धा. त्यामुळे मापलेली सगळी जागा वापरायची नसते.

गाडी सपाट, टणक जमिनीवर लावा. हँडब्रेक ओढा, समोरच्या चाकांना अटकाव लावा. बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅक कंपनीने दाखवलेल्या जागीच लावा आणि उचलल्यावर खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.

जुना बोल्ट पूर्ण काढताना तो किती फेऱ्यांनी बाहेर येतो ते मोजा. हा आकडा कागदावर लिहा. हेच तुमचं माप.

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासा. गंज, जुना चिखल, काही राहू द्यायचं नाही. चाकाची मागची बाजूही पुसा. चकती ठेवा आणि ती हबला सगळीकडून टेकते का, डुलत नाही ना, हे हाताने दाबून बघा. टेकणाऱ्या पृष्ठभागांवर ग्रीस लावायचं नाही. सगळा खेळ घर्षणाचा आहे. बोल्टच्या आट्यांना तेल लावायचं की नाही, ते गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणेच. कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला टॉर्क तेल लावलेल्या बोल्टला दिला तर तो जास्त ताणला जातो.

नवे बोल्ट आधी हाताने फिरवा. फेरे मोजा. मूळ बोल्टइतकेच फेरे यायला हवेत. कमी आले तर काम तिथेच थांबवा. खूप जास्त आले तर चाक हाताने फिरवून आत कुठे घासल्याचा आवाज येतो का ते ऐका.

मग आवळणं. एकामागून एक गोल नाही, तर समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून. आधी हलकेच, नंतर गाडी खाली घेऊन टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या आकड्यापर्यंत. हवेच्या गनने ‘टर्र’ करून सोडून द्यायचं नाही. गनने एक बोल्ट निम्माच आवळला जातो आणि दुसरा दुप्पट, हे बाहेरून कळत नाही. जाड प्रकारची चकती असेल तर आधी चकतीचे बोल्ट टॉर्कने, मग चाकाचे. मूळ स्टडची टोकं चकतीच्या बाहेर आलेली नकोत, नाहीतर चाक चकतीऐवजी त्या टोकांवरच टेकतं.

आणि शेवटचं, जे सगळ्यात जास्त विसरलं जातं. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर, चाक गार असताना, टॉर्क पुन्हा तपासा. दोन्ही जोड बसून बोल्ट थोडे सैल झालेले असू शकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे, त्यात ब्रेकची उष्णता. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. रोजच्या या ताणण्या-आकसण्याने जोड आणखी बसतो. म्हणून ही दुसरी तपासणी झाल्याशिवाय समृद्धीवर जायचं नाही, एवढा नियम पाळा.

नीट बसवली तरी काय बदलतं?

चाक बाहेर गेलं की त्याचा भार बेअरिंगवर लांबून येतो. भरलेली बादली हात अंगाशी धरून उचलणं आणि हात लांब करून उचलणं, यातला फरक आठवा. बेअरिंग लगेच जात नाही, पण त्याचं आयुष्य कमी होतं. जितकी जाड चकती, तितकं जास्त.

पुढच्या चाकांबाबत आणखी एक गोष्ट आहे. स्टिअरिंग ज्या रेषेभोवती वळतं ती जमिनीला जिथे मिळते, तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर कंपनीने विचार करून ठरवलेलं असतं. एक चाक डांबरावर आणि दुसरं रेतीवर असताना जोरात ब्रेक दाबला तरी गाडी सरळ राहावी, हा त्यातला एक हेतू. चकतीमुळे हे अंतर बदलतं. खड्ड्यात चाक आदळलं की स्टिअरिंगला जास्त झटका बसतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे खड्डे शोधावे लागत नाहीत. शिवाय टायर मडगार्डच्या बाहेर आला तर खडी आणि चिखल दारांवर उडतो.

मग चकती वाईटच का? तसंही नाही. पोर्शने स्वतः काही मॉडेलसाठी ५ मिलिमीटरच्या चकत्या अधिकृतपणे दिलेल्या आहेत. पण त्या त्याच गाडीसाठी मोजून-तपासून, बोल्टसकट दिलेल्या असतात. जर्मनीत बाहेरून घेतलेल्या भागांसाठीही कोणत्या मॉडेलला, कोणत्या चाकासोबत, किती जाडी चालेल याचं तांत्रिक प्रमाणपत्र मागतात.

आणि आपला कायदा?

इथे बहुतेक जण गाफील असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने, उत्पादकाचं मूळ स्पेसिफिकेशन बदलेल असा फेरफार चालणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १८२-अ (४) मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

“आरसीवर व्हीलबेस असतो, ट्रॅक कुठे लिहिलेला असतो?” असा युक्तिवाद गाडीवेडे करतात. पण ट्रॅक हा उत्पादकाच्या स्पेसिफिकेशनचा भाग आहे, आणि अपघातानंतर हा वाद रस्त्यावर मिटत नाही. त्यामुळे आरटीओत लेखी विचारणा केल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यासाठी स्पेसर लावू नये, हेच शहाणपणाचं. विमा कंपनीलाही कळवणं आवश्यक आहे. न कळवलेला बदल उघड झाला की दावा अडकू शकतो. आणि चाक निखळलं तर ते फक्त तुमच्या गाडीचं नुकसान करत नाही. शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराने तर स्पेसरचं नावही ऐकलेलं नसतं.

मग करायचं काय?

फक्त दिसण्यासाठी हवं असेल तर आधी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात विचारा, तुमच्या मॉडेलसाठी कंपनीनेच कमी ईटीचं चाक किंवा चकती दिलेली आहे का. सुरुवातीचा हिशोब आठवा. ईटी ५० आणि १५ ची चकती, किंवा थेट ईटी ३५ चं चाक, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बेअरिंगवरचा भार दोन्हींत तेवढाच वाढतो, पण चाक बदललं तर जोड एकच राहतो आणि बोल्ट मूळचेच. नियम अर्थात त्यालाही लागू आहेतच.

आणि समजा स्पेसर आधीच लावलेले आहेत, किंवा जुनी गाडी घेताना तिच्यासोबत आले आहेत. मग आज एक काम करा. चाक काढून घ्या, मधलं भोक आणि बोल्टची बैठक बघा, बोल्टचे फेरे मोजा, टॉर्क रेंचने आवळून घ्या. यातलं एक जरी जुळलं नाही, तर चकती काढा आणि मूळ बोल्ट परत लावा. मूळ बोल्टच, कारण चकतीशिवाय लांब बोल्ट लावले तर तेच आत जाऊन घासतील.

चाक मडगार्डच्या आत दडलेलं दिसलं तरी ते जागेवर आहे, हे महत्त्वाचं.